हरणांचे लाडू

माघ लागला की आमच्या गावात हरभऱ्याचे घाटे भाजल्याचा वास सुटतो. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, कुणीतरी काडीकचरा पेटवतं, त्यावर हरभऱ्याची झाडं पाल्यासकट टाकतं, आणि तो करपट, हिरवा, जरासा आंबट वास टेकडी चढून आमच्या गल्लीपर्यंत येतो. मग माझं काही खरं नसतं. चहा उतू जातो, दाराशी आलेला दूधवाला हाका मारून मारून निघून जातो, आणि मी आपली खिडकीशी उभी. घरातले म्हणतात, बाईला झोप पुरत नाही. झोपेचं काय घेऊन बसलात! त्या वासात माझं सगळं लहानपण आहे, आणि त्या लहानपणात हरणं आहेत.

यंदा वास आला त्याच दिवशी भाचीचा फोन आला. ती सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा शहरात राहते. म्हणाली, "मावशी, इथं हरणांनी अगदी वैताग दिलाय. रस्त्यात येतात, अंगणात येतात, माझे गुलाब कळ्यांसकट खाऊन टाकतात. आता म्हणे त्यांना पिल्लं होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं देणार आहेत. ऐकलंयस का कधी असं?"

मी इतकी हसले की तिला वाटलं फोन बिघडला.

"अगं बाई," म्हटलं, "हे आमच्याकडं कधीच होऊन गेलं. तुझ्या आजोबांनीच केलं."

"आजोबांनी? काहीही सांगतेस!"

तिचा विश्वास बसेना. तिचा तरी काय दोष म्हणा. माझाच कधी कधी बसत नाही. त्या हिवाळ्यातलं काय डोळ्यांनी पाहिलं, काय आईकडून ऐकलं आणि काय पहाटेच्या झोपेत दिसलं, हे आता मलाही वेगळं करता येत नाही. पण एक गोष्ट मात्र मी अगदी शपथेवर सांगते, ती शेवटी येईलच.

आमचं तालुक्याचं गाव तसं उंचावरचं. खाली काळीभोर शेतं, वर आम्ही. हिवाळ्यात असं धुकं पडायचं की समोरच्या देशमुखकाकूंचं घर नाहीसं व्हायचं आणि नुसता त्यांचा आवाज यायचा. महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा एक साहेब बदलून जाताना आपली पाळलेली चितळाची जोडी नगरपालिकेला देऊन गेला होता. नगरपालिकेनं बागेमागं तारेचं कुंपण घातलं, हौद बांधला, फाटकावर 'हरणबाग' अशी पाटी लावली. झालं. वाघ नाही, बिबट्या नाही, आयता चारा. जोडीचा कळप झाला, कळपाची जत्रा झाली, आणि तारा वाकवून ती जत्रा गावात फिरायला लागली.

पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मी खुरांचा आवाज ऐकायची. टक, टक, टक. फरशीवरून कुणी खडावा घालून हळूच चाललंय असा. दार किलकिलं करून बघितलं की धुक्यात आधी नुसते कान दिसायचे, मग ओलं काळं नाक, मग पाठीवरचे ठिपके. अंगणातल्या तुळशीची पानं ओठांनी हळूच खुडून ती पुढच्या दारी जायची. देशमुखकाकू त्यांना शिळी भाकर घालायच्या. एकीला तर त्यांनी कुंकूसुद्धा लावलं होतं, आणि ती बया ते कपाळावर मिरवत गावभर हिंडत होती.

पण बाजाराच्या दिवशी हीच हरणं भाजीवालीच्या पाटीत तोंड घालायची. मेथीच्या जुड्याच्या जुड्या फस्त. आणि खालच्या शेतांतला हरभरा घाट्याला आला की विचारूच नका. आमच्या ओसरीवर शेतकऱ्यांची रीघ लागायची.

"डाक्टरसाहेब, वावर साफ केलं न थ्या हरणायनं! मारावं म्हनावं तं मारवत नाही. डोळ्यात पाह्यलं का उचललेला हात खालीच येते."

डाक्टरसाहेब म्हणजे माझे बाबा. गुरांचे डॉक्टर. सरकारी गुरांच्या दवाखान्याला लागूनच आमचं क्वार्टर होतं, त्यामुळे आमच्या घराला कायम फिनेल, शेण आणि टिंक्चरचा वास. बाबा बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवून सांगायचे की दुखणं कुठं आहे. जनावराचं तोंड उघडून, वास घेऊन त्यानं काय खाल्लं ते ओळखायचे. माणसांचं मात्र त्यांना एवढं कळत नसे, असं आई म्हणायची. तेही त्यांच्या तोंडावर, भाकरी थापता थापता.

मग एक दिवस नगरपालिकेची बैठक आमच्याच ओसरीवर भरली. अध्यक्ष आले, मेंबर आले, सगळ्यांसमोर भाजलेल्या घाट्यांची परात ठेवली. काळी झालेली बोटं चाटत चाटत ते हरणांचा निकाल लावायला बसले. एक म्हणाला, बंदूकवाला बोलवा. बाकीचे अंगावर धावून गेले, "गावाले पाप लागीन बे!" दुसरा म्हणाला, बोथ्याच्या जंगलात नेऊन सोडा. बाबा म्हणाले, "भाकर खाऊन वाढलेली हरणं हायेत थे. बिबट्याले पंगत वाढल्यासारखं होईन."

मग बाबांनी आपला उपाय सांगितला. अगदी सरळ. "नरायले चिमटा लावू. बैलाचं करतोच ना आपन? मोठ्या नरापासून सुरू करू, मंग बाकीचे."

आता ही मंडळी कोण? सगळी शेतकरी. दरवर्षी आपले गोऱ्हे बाबांकडे आणून, हसत-खिदळत, बिडी ओढत खच्ची करून नेणारी. पण त्या मोठ्या नराचं नाव निघालं आणि घाट्यांकडं गेलेले हात परातीतच थांबले. डोक्यावर शिंगांचं झाड घेऊन फिरणारा तो नर म्हणजे गावाची शान होता. मेंबर लोकांनी मांड्या आवळल्या. एकानं धोतराचा सोगा सारखा केला. मी दाराआडून सगळं पाहत होते आणि मला एवढंच कळलं की मोठी माणसं कशाला तरी भ्याली आहेत.

अध्यक्ष खाकरले. "डाक्टर, थो राजा हाये गावचा. त्याच्या मांगं काऊन लागता? दुसरं काही सांगा."

समोरच्या भिंतीवर नुकताच कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता. आई, बाप, दोन गुटगुटीत लेकरं, सगळी हसणारी. तिकडं बघून अध्यक्षांना सुचलं. "सरकारी दवाखान्यात बायायसाठी गोळ्या आल्या म्हंते. पेटी तशीच पडून हाये, एक बाई घ्याले जाऊन नाही राह्यली. द्या थ्या हरणीले!"

सगळे खो-खो हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. बाबांचं तसंच होतं. लोकांनी थट्टेवारी नेलेली गोष्ट ते मनावर घ्यायचे. त्यांनी घाट्याचं टरफल बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "करून पाह्याले हरकत नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती आत वळली, ट्रे ओट्यावर ठेवला आणि चुलीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "नराले हात लावाचा नाही. औषध खाईन हरणीच. बरं हाये बाई."

आई. इंदू तिचं नाव, पण बाबा तिला 'अवं' म्हणूनच हाक मारत. आम्ही चौघी बहिणी. विमल मोठी, मग मी नलू, मग सुशी, आणि शेवटची बेबी. ही माझी भाची त्या बेबीचीच लेक. बेबीच्या वेळी आई माहेरी, साखरखेर्ड्याला गेली होती. तिथं तिचं रक्त थांबेना. बैलगाडीत घालून मेहकरला नेलं तेव्हा मामा गाडीपुढं नुसता पळत होता, असं आजही तिकडची माणसं सांगतात. आई वाचली. परत आली तेव्हा मी तिचा तळहात हातात घेतला होता, तो ज्वारीच्या पिठासारखा पांढरा होता. मेहकरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की बाई, आता पुरे.

पण बाबांना मुलगा हवा होता. ते काही खाष्ट नव्हते हो. आमच्या वेण्या घालायचे, आम्हाला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या आवारात फिरवायचे, चौघींना शिकवीन म्हणायचे आणि शिकवलंही. पण शेगावला गेलो की समाधीपुढं ते जरा जास्तच वेळ हात जोडून उभे राहत, आणि आई त्यांच्याकडं न बघता आमच्या कपाळाला अंगारा लावत बसे. काय मागणं चाललंय ते तिला ठाऊक होतं. घरी आल्यावर कधीतरी ते म्हणायचेच, "एक खेप पाहू. डाक्टर लोक घाबरवतात उगीच." स्वतः डॉक्टर असून म्हणायचे, हे विशेष.

कधी वाटतं, माणसाला दुसऱ्याचं जनावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं आपल्या घरातलं माणूस का दिसत नसेल? बाबांच्या हातात एखादी गाय आली, आणि ती मागच्या वेतात मरता मरता वाचलेली असली, तर मालकाला ते खडसावायचे, "औंदा फळवू नको हिले, मरून जाईन!" ते वाक्य आई स्वयंपाकघरात बसून ऐकायची. भिंत एकच होती.

तर ते लाडू. बाबा दवाखान्यात गोळ्या कुटायचे आणि कागदाच्या पुडीत ती पूड घरी आणायचे. हरणाला नुसतं औषध कोण खाऊ घालणार? सरकीची ढेप, म्हणजे गुरांची पेंड, भिजवायची, त्यात गूळ, मूठभर ज्वारीचं पीठ, वरून पूड, आणि लाडू वळायचे. हे काम अर्थात आईचं. दुपारी परसात उन्हाला बसून ती लाडू वळायची, आणि आम्ही चौघी समोर, गुळाच्या वासानं लाळ गिळत.

"हात लावसान तं हात तोडीन," आई म्हणायची. "औषध हाये त्याच्यात."

शेवटी एक छोटा लाडू ती बाजूला काढायची आणि वाटीखाली झाकून ठेवायची. मी विचारलं, "आई, हा कोनाचा?"

"एक हरणी लय दुबळी हाये," ती म्हणाली. "तिचा वेगळा."

मी बागेत जाऊन ती दुबळी हरणी शोधली. सगळ्याच चांगल्या टुणटुणीत होत्या. आणि मग एका दुपारी पाणी प्यायला आत गेले तर आई चुलीपाशी, भिंतीकडं तोंड करून बसलेली. वाटी पालथी पडलेली. ती हळूहळू चावत होती, डोळे गच्च मिटून. घास गिळताना तिचा हात छातीवर गेला. मी मागच्या पावली बाहेर आले.

तेव्हा कळलं नाही, पण पुढं मोठी झाल्यावर आईनंच मला सगळं सांगितलं. माणसांच्या सरकारी दवाखान्यात ती उजळ माथ्यानं जाऊ शकत नव्हती. तिथला कंपाउंडर बाबांबरोबर पत्ते खेळायचा. ती घरी पोचायच्या आधी बातमी बाबांकडं पोचली असती. आणि बाबा नाही म्हणाले असते, की गप्प बसले असते, की शेगावचं नाव काढलं असतं, हे तिला बघायचंच नव्हतं. पूड नुसती खावी तर अंदाज कळेना. मग तिनं आपल्यापुरता हिशेब केला, की हरणी एवढीशी आणि मी एवढी, एक लाडू मला चालेल. हसू नका. अडाणीपणा म्हणा पाहिजे तर. पण मरणाच्या भीतीनं माणूस ढेपसुद्धा गोड मानून घेतं.

बागेत दुसराच तमाशा चालला होता. बाबा संध्याकाळी गव्हाणीत लाडू ओतायचे आणि दवाखान्यात गाईबैल ताटकळलेले असल्यामुळे लगेच परतायचे. आम्ही मात्र तारेला नाक लावून थांबायचो. बाबांची पाठ वळली की तो राजा यायचा. झुलत झुलत. शिंगांची एक झटक दिली की हरिणी बाजूला. मग लाडू एकेक करून सगळे त्याच्या पोटात. हरिणी आपल्या मागं उभ्या, कान हलवत, उरलंसुरलं मिळेल या आशेनं. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. घरोघरी तेच होतं. बाप्यांची पंगत आधी, मग पोरांची, आणि बायका शेवटी, भाजी खरवडून. बाबांना ते सुचायला हवं होतं, पण त्या वेळी ते स्वतः पहिल्या पंगतीत असत, त्यांना मागचं काय दिसणार!

आम्ही घरी येऊन आईला सांगितलं. "आई, सगळे लाडू थो नरच खाते!"

आई आधी बघतच राहिली. मग जी हसायला लागली! डोळ्यांत पाणी येईस्तोवर, पदर तोंडात कोंबून. किती दिवसांनी हसताना पाहिलं होतं तिला. "बरोबर हाये," ती म्हणाली. "ज्याले द्याले पायजे होतं थ्यालेच गेलं. तुमच्या बाबाले सांगू नका वं पोट्ट्यायहो, राहू द्या थोडे दिवस."

परवा भाचीला हे सगळं फोनवर सांगताना मी मध्येच विचारलं, "तुमच्याकडं इंजेक्शन कोणाला गं? नराला की मादीला?" ती म्हणाली, "मादीला. नराचं कुणी काही बोललं नाही." मी म्हटलं, "असं का!" तिच्याकडं बर्फ पडत होता म्हणे. माझ्या खिडकीतून घाट्यांचा धूर येत होता.

त्या दिवसांतली एक पहाट तर माझ्या अंगावर अजून तशीच आहे. हरभऱ्याच्या पानांवर दव पडतं ते आंबट असतं. आमच्याकडे बायका रात्री शेतात हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरून येतात, आणि पहाटे ते पिळून आंब काढतात. पोटाला फार चांगली. आईला त्या वेळी सारखं मळमळायचं, म्हणून ती खालच्या शेतात आंब आणायला निघाली आणि मला सोबत घेतलं. धुकं असं होतं की मी तिचा पदर धरूनच चालत होते. फडकं उचलायला ती वाकली आणि तशीच थांबली. समोर, हाताच्या अंतरावर, एक हरणी. कपाळावर पुसटसं कुंकू. ती हरभरा खात नव्हती, आमचं ते ओलं फडकं चोखत होती. आईनं तिला हाकललं नाही. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. हरणीच्या पोटात पिल्लू होतं, तिचं पोट खाली ओघळलेलं दिसत होतं. आई तिला म्हणाली, "तुही सुटका होवो माय सुखरूप." मग फडक्याचं एक टोक तिच्याकडं तसंच सोडून बाकीचं तिनं पिळून घेतलं. मला फार थंडी वाजत होती. ते पाणी मी जिभेवर घेतलं, त्याची चव अजून दातांना आठवते.

पण मळमळ काही थांबेना. थांबणार कशी? वर जनावराच्या मात्रेतलं औषध, खाली ढेप. आई सकाळी मोरीशी भिंत धरून उभी राहायची, आणि गल्लीतल्या बायकांना दुसरं काय सुचणार! देशमुखकाकू कवठ घेऊन आल्या, वर चिंचेची गोळी.

"काय वं इंदूबाई, लपवून राह्यली आमच्यापासून? यंदा पोरगाच पाह्य बरं."

आईनं हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुढचे शंभर प्रश्न. ती कवठ हातात धरून नुसती उभी राहिली, आणि काकूंना वाटलं लाजली. बातमी ओसरीवर पोचली. बाबांनी त्या दिवशी बाजारातून संत्र्यांची पिशवी आणली. स्वतः सोलून एकेक फोड आईपुढं ठेवत होते. दवाखान्यात बैलाची जखम धुताना गुणगुणत होते. पिठासारख्या पांढऱ्या तळहातावर ती संत्र्याची फोड, आणि आई ती खातही नाही, टाकतही नाही. मला अजून त्या फोडीचा राग येतो. बाबांचा नाही येत. का कोण जाणे.

मग एका संध्याकाळी राजाचं बिनसलं. गावात ओरड झाली की नर खात नाही, पीत नाही. बाबा धावले, मी मागोमाग. तो हौदापाशी मान खाली घालून उभा होता. ओठ लोंबलेले, कान पडलेले, समोर हिरवागार चारा आणि त्याला त्याची शिसारी. बाबांनी त्याचं तोंड उघडून वास घेतला. मग गव्हाणीत ताजे लाडू टाकून ते प्रथमच तिथं थांबले. तसल्या दुखण्यातही तो राजा मान वर करून आला, हरिणींना शिंगानं सारलं आणि दोन लाडू खाल्लेच. बाबा कितीतरी वेळ बघत होते. "असं होय," एवढंच म्हणाले.

घरी आलो तर आई मोरीशी. भिंतीला हात, मान खाली, ओठ पांढरे. समोर सुशीनं ठेवलेलं भाकरीचं ताट तिनं पायानं दूर सारलेलं. बाबा दारातच थबकले. आत्ताच बघून आलेलं दुखणं त्यांच्यासमोर पुन्हा उभं होतं. ते जवळ गेले, तिला पाणी दिलं, आणि पाणी पिताना तिच्या तोंडाचा वास त्यांना आला.

"ढेप," ते म्हणाले.

आईनं पेला खाली ठेवला.

"अवं, तू ढेप खाऊन राह्यली? थे लाडू?" बाबांचा आवाज फाटला. "येडी झाली काय? जनावराची मात्रा हाये थे! मेली असती न!"

"तसंही मेलीच असती," आई म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. बाकीच्या तिघी परातीत घाटे सोलत होत्या, मी दारात होते, आमच्याकडं बघत म्हणाली. "मले पाचव्या खेपेले साखरखेर्ड्याले जाचं नाही. गेली तं वापस येनार नाही मी. तुमाले गायीचं समजते, म्हशीचं समजते. माह्यं कधी समजन?"

"मले सांगाचं न."

"कितीकदा सांगितलं. तुम्ही समाधीपुढं उभे होते तवा ऐकू आलं नसन."

बाबा जमिनीवर बसले. संत्र्याची पिशवी तिथंच होती, ती त्यांनी उगीच मांडीवर घेतली. विमलनं आम्हाला बाहेर नेलं.

त्यानंतर आमचं घर मुकं झालं. लाडू बंद झाले. राजा बरा झाला, चारा खाऊ लागला, आणि कुंकवाच्या हरणीसकट कितीतरी हरिणींना पिल्लं झाली. गाव बाबांना हसलं. "काय डाक्टर, गोळी फुसकी निघाली की हो!" बाबा म्हणायचे, "माहीच चूक झाली. औषध चुकीच्या तोंडात गेलं." लोकांना वाटायचं, ते राजाबद्दल बोलतायत. गल्लीतल्या बायकांची गोड बातमीही हळूहळू विरली. दिवस राहिलेच नव्हते, हे आईनं पुढं काकूंना सांगून टाकलं.

हरणांचं पुढं काय झालं म्हणाल तर काहीच झालं नाही. तारेवर बोरीबाभळीचे काटे लावले, शेतकऱ्यांनी आळीपाळीनं राखण केली. काही उन्हाळ्यात गेली, काही कुत्र्यांनी नेली, काही एका सकाळी नुसती नव्हतीच. ज्या गावानं त्यांना मारलं नाही त्यानं त्यांना वाचवलंही नाही. त्या बागेच्या जागी आता दुकानं आहेत, मोबाईल, झेरॉक्स, औषधं. तिथल्या मेडिकलमध्ये त्या गोळ्या काचेच्या कपाटात पुढंच लावलेल्या असतात. कुणीही पोरगी येते, नाव घेऊन मागते, पिशवीत टाकते आणि जाते. मी कधीकधी उगीच तिथं उभी राहते, खोकल्याचं औषध घ्यायच्या मिषानं.

आता ती शपथेवर सांगायची गोष्ट.

घाटे संपत आले होते, हरभरा पिवळा पडून काढणीला आला होता. एका सकाळी बाबा सायकल काढून निघाले. आईशी बोलणं नव्हतंच, जाताना हवेत सांगितल्यासारखं म्हणाले, "हिवरा आश्रमाच्या वाटेवर एका गावात शिबिर हाये." आईला वाटलं गुरांना लस टोचायचं. बाबांची तसली शिबिरं नेहमीचीच.

दिवस कलताना आई दारात ज्वारी पाखडत होती, आणि मी बेबीला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी. रस्त्याच्या टोकाला बाबा दिसले. सायकल हातात धरून, पायी. सावकाश, पाय जरा फाकवून चालत होते. अंगावर रस्त्याची धूळ. वाटेत कुणी तरी बैलगाडीत बसायला सांगितलं असेल, पण ते बसणाऱ्यांतले नव्हते. अंगणात येऊन त्यांनी सायकल तुळशीला टेकवली, तशी कधीच टेकवत नसत.

आईनं सूप खाली ठेवलं. किती दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"पंक्चर झाली काय?"

"नाही."

"मंग एवढ्या लांबून हातात धरून काऊन आनली?"

बाबांनी घाम पुसला. आमच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"डाक्टर म्हने, थोडे दिवस सायकलवर बसू नको."

आईला कळायला वेळ लागला. मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. आधी कपाळाला आठी पडली, मग ती आठी गेली, मग तिचा हात तोंडावर गेला. समोरच्या भिंतीवरचा तो रंगवलेला त्रिकोण तिनं एकदा बघितला, एकदा बाबांना.

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी सोता?"

बाबांनी मान हलवली.

"दुखून राह्यलं काय?"

"तुह्याएवढं नाही."

आई तिथंच ज्वारीत मटकन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. असा गळा काढला की देशमुखकाकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. "काय झालं वं इंदूबाई? कोन गेलं?"

आई पदरानं नाक पुसत, रडत, आणि रडता रडता हसत म्हणाली, "कोनी नाही गेलं काकू. ह्यायची सायकल बिघडली."